कालव्याकाठचा अ‍ॅस्टर आणि माझं माहेरचं नाव

रानफुलांची आवड मला उपजत आहे, असं मी लोकांना सांगते. खरं कारण गुडघे. डॉक्टरांनी रक्तातली साखर बघून रोज चालायला सांगितलं, आणि कोलकात्यातल्या डमडमच्या आमच्या गल्लीतून निघून कालव्याच्या काठाने थोडं पुढे गेलं की माझा उजवा गुडघा संपावर जातो. तिथे कमरेवर हात ठेवून नुसतं उभं राहिलं की येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारते, "माशीमा, शोरीर खाराप?" म्हणजे, मावशी, बरं नाही का? आपलं दुखणं असं रस्त्यावर मांडण्यापेक्षा वाकून एखाद्या तणाकडे टक लावून बघणं बरं दिसतं. त्यात पाठही जरा मोकळी होते. अशी मी अभ्यासू झाले.

मग हळूहळू सोंग अंगात भिनलं. आधी भिंग आलं. मग सानिकाने, म्हणजे माझ्या मुलीने, फोनमध्ये झाडं ओळखणारं अ‍ॅप घालून दिलं. ते अ‍ॅप न विचारता मत देतं आणि चुकलं तरी कबूल करत नाही, त्यामुळे ते घरातलंच एक माणूस वाटायला लागलं. पुढे रविवारी सकाळी शहराच्या कडेकडेने रानझाडं बघत हिंडणारी एक मंडळी सापडली. त्यांची म्होरकी पारमिता, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, पंचेचाळिशीची आणि फार सोशिक. सोशिक नसती तर तिने मला पहिल्याच रविवारी कालव्यात ढकललं असतं, कारण मला एखादं नाव अर्धवट जरी माहीत असलं तरी ते मी सगळ्यांच्या आधी आणि मोठ्याने सांगते. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला तर मी लॅटिनशिवाय बोलत नसे. एकदा एकीने "ही आमच्या बाल्कनीतली एकदांडी" म्हटल्याबरोबर मी "ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स" असं म्हणून तिच्या हातातला तिळगूळ घेतला. तिने नंतर मला फारसं बोलावलं नाही, आणि तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

तर मी कुसुम शरद दामले. हे बँकेत होते. बदलीवर आम्ही कोलकात्याला आलो तेव्हा "दोन-तीन वर्षांत परत जायचंच आहे" म्हणून मी पाटा-वरवंटा मिरजेलाच ठेवून आले होते. ती दोन-तीन वर्षं अजून संपायची आहेत. मधे ह्यांना आणखी एक-दोन बदल्या झाल्या, पण फिरून फिरून आम्ही इथेच आलो, शेवटी फ्लॅट घेतला, सानिका इथेच शिकली आणि इथेच नोकरीला लागली. आता मी भाजीवाल्याशी बंगालीत भांडते, देवाशी मराठीत, आणि बँकेत हिंदीत. ह्यांच्याशी कुठल्याही भाषेत भांडता येत नाही, कारण हे उत्तर देत नाहीत.

पण कुसुम हे माझं नाव नव्हे. ते मला लग्नात मिळालं. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने त्यात नाव लिहिलं गेलं. लिहिणारा हात ह्यांचा होता, निवड सासूबाईंची. मुलगा शरद, तेव्हा सून कुसुम, शरदातलं फूल. सासूबाई एरवी अत्यंत व्यवहारी बाई होत्या. काव्याची लहर त्यांना आयुष्यात एकदाच आली आणि ती नेमकी माझ्यावर आली. मी मान खाली घालून तांदळाकडे बघत होते. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला ते आवडलं होतं. नव्या बांगड्या, नवा स्टोव्ह, नवं घर, त्यात नवं नाव; एवढं सगळं एका दिवसात कोणाला मिळतं? माझी तक्रार असलीच तर इतकीच होती की ‘कु’चा उकार जरा पुसट आला होता.

माहेरची मी मधुवंती. वडील मिरजेला शाळेत गाणं शिकवायचे आणि त्या रागावर त्यांचा जीव होता. माझ्या गळ्यात सूर नाही हे कळेपर्यंत नाव ठेवून झालं होतं. आईवडील गेले, शाळेतल्या मैत्रिणी पांगल्या, राहिला तो माझा थोरला भाऊ, प्रभाकरदादा. दर रविवारी त्याचा फोन यायचा. फोन उचलला की आधी "मधुवंते!" अशी हाक, मग जरा थांबणार, मी "ओ" म्हटलं की पुढे बोलणार. "ओ" म्हटल्याशिवाय त्याचं बोलणं सुरूच व्हायचं नाही. लहानपणी विहिरीकाठी खेळायचो तेव्हापासूनची त्याची ती सवय, मी पडले-बिडले नाही ना याची खात्री करायची.

दादा गेल्या श्रावणात गेला. मिरजेला जाऊन सगळं आटपून आले. वहिनी मला ‘वन्सं’ म्हणते, भाचा ‘आत्या’. परत आल्यावर पहिल्या रविवारी मी सवयीने चहा घेऊन फोनजवळ बसले, आणि तेव्हा लक्षात आलं की आता मला मधुवंती म्हणून हाक मारणारं जगात एकही माणूस उरलेलं नाही. मी आई आहे, आत्या आहे, वन्सं आहे, कुसुमताई आहे, कुसुमदी आहे, भाजीवाल्याची बौदी, म्हणजे वहिनी, आहे आणि टोटोवाल्याची, म्हणजे बॅटरीच्या रिक्षावाल्याची, माशीमा आहे. ती एक तेवढी उरली नाही. भाऊ गेल्याचं दुःख चारचौघांत सांगता येतं. नाव गेल्याचं सांगायला लागलं की माणूस बावळट दिसतं. तरी ते होतं. मला ते नाव कोणाच्या तरी तोंडून पुन्हा ऐकायचं होतं, नुसतं उच्चारलेलं नको, हाक म्हणून.

हे कोणाला कसं सांगावं ते मला समजत नव्हतं. सांगायला निमित्त मिळालं ते एका तणाचं.

पूजा संपल्या होत्या, मंडपांचे बांबू उतरले होते. कालव्याकाठचं बाकीचं रान पिवळं पडत चाललं होतं आणि नेमकं तेव्हाच एक उंच, काटकुळं झाड फुलायला लागलं. फुलं कसली, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. मधे पिवळा ठिपका आणि भोवती इतक्या बारीक फिकट जांभळ्या पाकळ्या की चष्मा पुसल्याशिवाय दिसू नयेत. सगळ्यांची हजेरी घेऊन झाल्यावर वर्गात शिरणाऱ्या पोरासारखं ते उभं होतं. मंडळी जवळ यायच्या आत मी जाहीर करून टाकलं, "कोनायझा!"

पारमिता वाकली, भिंगातून बघितलं आणि अगदी हळू आवाजात, मला कमीत कमी लागेल अशा बेताने म्हणाली, "दीदी, कोनायझाचं खोड केसाळ असतं. हे बघा, हे गुळगुळीत आहे. फुलाखालची हिरवी पानं बघा, कौलांसारखी एकावर एक रचलेली. हा अ‍ॅस्टर आहे." आणि मग जरा थांबून, "शिवाय कोनायझाला आता कोनायझा म्हणत नाहीत. इरिजेरॉन म्हणतात."

म्हणजे मी चुकीच्या झाडाला मोडीत निघालेलं नाव दिलं होतं. एका शब्दात दोन चुका करायला सुद्धा अंगात कसब लागतं.

माझी फजिती झाकायची म्हणून मी प्रश्न विचारायला लागले, आणि पारमिता शिकवायला लागली की थांबत नाही. ती म्हणाली, ज्या अ‍ॅस्टरपुढे आपण उभे आहोत त्यालाही आता अ‍ॅस्टर म्हणायची सोय नाही. पूर्वी जगभरातल्या अशा फुलांना एकाच अ‍ॅस्टर घराण्यात कोंबलेलं होतं. मग शास्त्रज्ञांनी बिया तपासल्या, गुणसूत्रं मोजली, जनुकं बघितली, आणि लक्षात आलं की अमेरिकेतली मंडळी मुळात या घरची नव्हेतच. वाटणी झाली. हे झाड अमेरिकेतून इथे आलेलं, म्हणून ते ‘अ‍ॅस्टर सुब्युलेटस’चं ‘सिम्फियोट्रायकम सुब्युलेटम’ झालं. मी ते नाव दोनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा म्हणताना दाताची कवळी सैल झाली.

"पण सुब्युलेटम तर तेच राहिलं की," मी म्हटलं.

"राहणारच," पारमिता म्हणाली. "घराणं बदललं की पुढचा शब्द बदलतो. पण झाडाला पहिल्यांदा जे नाव ठेवलं ते त्याच्याबरोबर जातं, फार तर शेपूट जरा वेगळं होतं. आणि एकाच झाडाला दोघांनी दोन नावं ठेवली असतील, तर जे आधी ठेवलं ते खरं. तो नियमच आहे. तुमचा कोनायझा बघा ना. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी तो इरिजेरॉनच होता, मधे कोणीतरी कोनायझात नेला, आता परत इरिजेरॉन झाला."

"म्हणजे आडनाव बदलतं आणि नाव राहतं?"

"तसंच समजा."

मी तिथेच उभी राहिले. कालव्याकाठच्या तणाला जी सोय होती ती मला नव्हती. माझं आडनाव गेलं, मधलं वडिलांचं नाव गेलं, आणि पहिलंही गेलं. आणि एका केसाळ गवताला माहेरचं नाव परत मिळालं, ते सुद्धा कोणाला न मागता! मला मनापासून हेवा वाटला. रोपट्याचा हेवा करणारी बाई मी आजवर बघितली नव्हती, ती त्या दिवशी बघितली.

दुपारी सानिका जेवायला आली होती. चहाच्या वेळी मी जाहीर केलं की आजपासून मला मधुवंती म्हणायचं.

सानिका कोलकात्यात वाढली, त्यामुळे तिचं मराठी तीन भाषांच्या वळणाने येतं. ती म्हणाली, "आई, मी तर तुला आईच बोलते. मला काय फरक पडणार? तू बिनधास्त बदल."

म्हणजे मुलीची परवानगी मिळाली आणि उपयोग शून्य. राहिले हे. हे बशीत चहा ओतत होते. मी नियम समजावून सांगितला: जे नाव आधी ठेवलं ते खरं. हे "हं" म्हणाले. ह्यांचं "हं" म्हणजे होकार नव्हे. अर्ज पोचला एवढीच त्याची पावती असते.

अर्जावर निर्णय आला तो पुढच्या आठवड्यात. ह्यांनी हयातभर परिपत्रकं वाचली. नियम दिसला की त्यातला अपवाद शोधल्याशिवाय ह्यांना जेवण जात नाही. सकाळी मी पोहे टाकत असताना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "अगं, त्या नियमाला अपवाद आहे. मी वाचलं. नंतरचं नाव लोकांच्या फार अंगवळणी पडलेलं असेल आणि जुनं परत आणल्याने गोंधळ होणार असेल, तर समिती ठराव करून नंतरचंच नाव राखून ठेवू शकते."

"आणि आपल्या घरची समिती कोण?"

"आई."

"त्या जाऊन पंधरा वर्षं झाली."

"ठराव रद्द झालेला नाही," हे म्हणाले आणि पोह्यांची बशी घेऊन गेले.

मला हसू आलं आणि रागही आला, आणि रागाला मी पुढे केलं. मागोमाग जाऊन म्हटलं, "मग निदान कुसुम म्हणून तरी कधी हाक मारलीत का? ज्या नावासाठी समिती बसवता ते तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं?" हे पोह्यांतले शेंगदाणे वेचायला लागले. कारण ते खरंच होतं. लग्नात जेवणाच्या पंगतीत मित्रांनी धरून बसवल्यावर ह्यांनी माझं नाव एकदा घेतलं. त्यानंतर जन्मभर मी ‘अगं’ आणि हे ‘अहो’. सानिका मोठी होईपर्यंत तेवढ्यावर भागलं. पुढे ‘अगं’ म्हटलं की आम्ही दोघी धावायचो आणि ज्या दोघींपैकी नको ती आधी पोचायची. म्हणजे माझं नाव बदललं ते ज्यांच्यासाठी, त्यांनी ते कधी वापरलंच नाही. फुकट गेलं म्हणायचं.

घरात डाळ शिजेना म्हणून मी शेजारी वळले. समोरच्या फ्लॅटमधल्या सुतपादीला मी सांगितलं की माझं खरं नाव मधुवंती, आणि आता मला तेच म्हणत जा. तिने गालाला हात लावला. "ओमा, की शुंदोर नाम! एटा बुझी आपनार भालो नाम?"

इथे प्रत्येक माणसाची दोन नावं असतात. एक ‘भालो नाम’, चांगलं, ते शाळेत आणि कागदावर. दुसरं ‘डाक नाम’, हाकेचं, ते घरात आणि गल्लीत. चांगलं नाव माणसाला हाक मारायला वापरत नाहीत, तसं करणं म्हणजे जरीची साडी नेसून भांडी घासणं. सुतपादीने माझी बाब तिथल्या तिथे निकालात काढली: मधुवंती हे चांगलं नाव, कुसुम हे हाकेचं. मी जीव तोडून सांगितलं की उलट आहे. तिने मान डोलावली, अर्ध्या इमारतीला माझ्या सुंदर भालो नामाची बातमी दिली, आणि दुसऱ्या दिवशी गॅलरीतून ओरडली, "कुसुमदी! ओ कुसुमदी! धने आछे?"

मी हाक मागायला गेले होते आणि लोकांनी ते नाव घडी घालून कपाटात ठेवून दिलं. मी धने नेऊन दिले.

पारमितेलाही मी तेच सांगितलं होतं, आणि तिने मात्र शब्द पाळला. नियमाने चालणारी मुलगी. पण तिच्या तोंडून ते ‘मोधुबोंतीदी’ असं यायचं, गोल गोल, रसगुल्ल्यासारखं, आणि मला दर वेळी वाटायचं की मागे आणखी कोणी बाई उभी आहे. मी मागे वळून बघायचे देखील. ज्या नावासाठी घर डोक्यावर घेतलं त्याला माझा स्वतःचाच कान ओळख देईना. ही गोष्ट मी ह्यांच्यापासून कटाक्षाने लपवून ठेवली होती.

ती उघड झाली मार्गशीर्षातल्या एका रविवारी. हे म्हणाले, "मीही येतो. ज्या झाडावरून हे सगळं निघालं ते बघू तरी." सकाळी स्वेटर, टोपी, हातात छत्री, असे हे मंडळीत सामील झाले. कालव्याच्या पलीकडच्या वळणावर अ‍ॅस्टरचा मोठा ताटवा होता. बरीचशी फुलं म्हातारी होऊन पांढऱ्या झिंज्या सोडून बसली होती. मंडळी वरच थांबली, पण मला ताजं फूल हवं होतं, ह्यांना दाखवायला. काठावरून खाली उतरून, एक पाय पुढे टाकून, मी वाकले आणि भिंग डोळ्याला लावलं.

पुढचा पाय जमिनीवर नव्हता. जलपर्णी इतकी दाट वाढली होती की हिरवळच वाटावी. ती हळूहळू खाली जात होती आणि मी तिच्यावर उभी राहून पाकळ्या न्याहाळत होते.

वरून पारमिता ओरडली, "मोधुबोंतीदी! पीछे आइए!" मी ऐकलं. मनात म्हटलं, ती कोण बाई आहे तिला कळत कसं नाही, एवढ्या हाका मारतेय बिचारी पारमिता! पारमिता पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली, मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "दादा, आप बुलाइए ना!"

नंतर मला सगळ्यांनी हकिगत सांगितली, प्रत्येकाने आपापल्या परीने मीठ लावून. हे काठाशी आले. तोंड उघडलं. ‘अगं’ म्हणावं तर तिथे पाच-सहा बायका उभ्या. ‘कुसुम’ म्हणावं तर घरी गेल्यावर महायुद्ध. ‘मधुवंती’ला जीभ वळेना. तोंड उघडंच राहिलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि मग माझ्या नवऱ्याने, लग्नाच्या नवऱ्याने, दूधवाला, मासेवाला, गॅसवाला जी हाक मारतो ती मारली. जोरात.

"ओ बौदी!"

आणि मी? मी ताबडतोब वळले. "की होलो?" म्हणाले.

वळले म्हणूनच वाचले. मागचा पाय घट्ट जमिनीवर होता, दोघींनी हात धरून वर ओढलं, पुढच्या पायातला बूट तेवढा जलपर्णीने ठेवून घेतला. मंडळी आधी घाबरली आणि मग हसायला लागली, ती थांबेचना. बायकोला वहिनी म्हणून हाक मारणारा नवरा त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता. पारमिता तोंडावर ओढणी धरून पाठमोरी उभी होती, पण तिचे खांदे हलत होते. हसत नव्हतो ते आम्ही दोघेच.

परतताना आम्ही टोटो केली. माझ्या एका पायात बूट, दुसरा मोजा चिखलाने भरलेला.  मग हे, समोरच्या आरशाकडे बघत, म्हणाले, "मला जमत नाही गं. मी प्रयत्न केला."

"कधी केलात?"

"मनात. ते नाव घ्यायला गेलं की दुसऱ्याच्या घरातल्या मुलीला हाक मारल्यासारखं वाटतं. आत्ता तुझे वडील पेटीवरून उठून बाहेर येतील आणि विचारतील, कोण रे तू, असं." जरा थांबून म्हणाले, "त्या नावाची मुलगी मी बघितलीच नाही. मला मिळाली ती तांदळात नाव लिहिल्यानंतरची. प्रभाकररावांनी बघितली होती, ते हाक मारायचे. मी कुठल्या हक्काने मारू?"

दादाचं नाव निघाल्यावर मला रडू आलं. इतके महिने मी नियम, घराणी, समित्या असं काय काय बोलत होते. दादाची आठवण येते, फार येते, एवढं साधं वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नव्हतं. ते मी तेव्हा टोटोत म्हटलं. आणि मग नाक पुसून रागाने म्हटलं, "न बघायला काय झालं? ती इथेच बसलीय तुमच्या शेजारी, एक बूट हरवून."

ह्यांनी माझ्या मोज्याकडे बघितलं. "गरम पाण्याने पाय धू," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी तो विषय सोडला. माणसाला साठी उलटल्यावर नवा बूट मिळू शकतो, नाव मिळेलच असं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालताना मी चार दिवस भांडी जरा जास्त आपटली, पण ते भांड्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. नवा बूट आणला. रविवारी पुन्हा कालव्यावर गेले, आणि पारमितेने "मोधुबोंतीदी" म्हटल्यावर पहिल्या हाकेला वळायचा सरावही सुरू केला. चुका व्हायच्या, पण कमी.

आणि मग परवाची दुपार. मी बाजारात खजुराचा गूळ आणायला निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर लक्षात आलं की पैशाचं पाकीट घरीच राहिलं. स्वतःला शिव्या घालत परत आले, लॅचची किल्ली लावून आत शिरले. घरात ह्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, फोनवर असतील.

हे गॅलरीत होते, पाठमोरे, धुतलेले कपडे दोरीवर घालत. कानातलं यंत्र टेबलावर काढून ठेवलेलं होतं, त्यामुळे माझी चाहूल लागली नव्हती. ह्यांनी उशीचा अभ्रा झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि म्हणाले, "मधुवंती."

मग मान हलवली, पसंत न पडल्यासारखी. दुसरा अभ्रा घेतला. "मधुवंती, माझा चष्मा कुठे ठेवलास?" हे जरा चिडक्या आवाजात. मग टॉवेल. "मधुवंती, सानिकाचा फोन आलाय." मग माझी साडी, तिच्या निऱ्या नीट सारख्या करत, हळू, "मधुवंती, चहा घेतेस का?" मग माझा ब्लाउज उलटा घातला, काढून सुलटा घातला. आणि मग दोन्ही हातांनी दोरी धरून, लांब कालव्यापलीकडे कोणी असावं तसं, जरा आवाज चढवून, "मधुवंती! ए मधुवंती!"

मी पाकीट विसरून दिवाणखान्याच्या दारात उभी होते. घशाशी "ओ" आली होती, अगदी जिभेवर. ती मी गिळली. ओ दिली असती तर हे थांबले असते.